रस्त्यापलीकडचं पाणी

मंगळवारी दुपारी लीलाताई वारल्या. मतदान गुरुवारी होतं.

सकाळी त्यांना दम लागला, म्हणून मी आणि कॉलनीतले दिगंबरअण्णा त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. जेवणाच्या वेळेपर्यंत त्या बोलत होत्या. वैजापूरहून त्यांचे पुतणे आले आणि संध्याकाळी अंत्यविधी झाला. परतलो तेव्हा कॉलनीच्या तोंडाशी प्रचाराची एक रिक्षा उभी होती. प्रचाराची वेळ संपली होती, तरी भोंगा चालूच होता. अण्णांनी हात केला आणि तो बंद झाला.

लीलाताई मॉरिशसच्या. त्यांच्या खापरपणजोबांना कोकणातून बोटीनं तिकडं उसाच्या मळ्यात कामाला नेलं होतं. घरात सगळे क्रिओल, म्हणजे तिथली रोजची बोली, बोलत, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी, आणि मराठी फक्त देवापुढं. त्या मराठी शिकायला म्हणून शिष्यवृत्तीवर इथल्या विद्यापीठात आल्या, तेव्हा त्यांची सगळी मराठी आरत्या आणि अभंगांमधली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका रिक्षावाल्याला "मजला स्थानकापाशी न्यावे" असं सांगितलं होतं. रिक्षावाल्यानं मीटर न टाकता नेलं आणि उतरताना नमस्कार केला. त्याला त्या कुठल्यातरी मठातल्या वाटल्या असाव्यात.

विद्यापीठातच त्यांची भास्कररावांशी ओळख झाली. भास्करराव वैजापूरच्या शेतकरी घरातले, रसायनशास्त्र शिकवायचे. लग्नानंतर सून पहिल्यांदा गावी गेली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "व्हय गं, तू नेमकी कुठली?" ताईंनी समुद्र, बोट, बेट असं सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या बायकांना सांगितलं, "कोकणातली हाय. जरा लांब ऱ्हातेत." तेव्हापासून वैजापुरात त्या कोकणातली सून म्हणूनच ओळखल्या गेल्या. आरत्यांच्या मराठीवर सासूबाईंची मराठी चढली, आणि जी भाषा तयार झाली ती दुसऱ्या कुणाचीच नव्हती. "हे विधान लई अपूर्ण आहे" असं त्या सहज म्हणायच्या.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. त्याच कॉलेजात ताई संध्याकाळी फ्रेंचचा वर्ग घ्यायच्या. पर्यटकांना लेणी दाखवणारे गाइड त्यांच्याकडं शिकायला येत. उंच, सडपातळ, कापलेले केस, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. ग्रंथालयात आल्या की दोन वर्तमानपत्रं मागायच्या, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध बाजूची असावीत असा आग्रह असायचा. एकदा एकच शिल्लक होतं तर वाचलंच नाही. म्हणाल्या, "एका पायावर कशाला चालू?"

पुढं आम्ही शेजारी झालो. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात चहा असे. चहात व्हॅनिला असायचा, कारण त्यांच्याकडं तसाच पितात. पहिल्यांदा पिणाऱ्याला तो औषधी वाटायचा, दुसऱ्यांदा तो विचारून घ्यायचा. कधी डाळपुरी करायच्या, सोबत टोमॅटोचा रस्सा. कॉलनीतल्या बायकांनी तिला बिनगोडाची पुरणपोळी हे नाव दिलं होतं आणि नावं ठेवत ठेवत रेसिपीही नेली होती.

या चहाला एक नियम होता. बोलायला कुणालाही मोकळीक होती. कर, पूल, शाळा, दिल्ली, मुंबई, काहीही. पण ठाम विधान केलं की ताई विचारायच्या, "कुठं वाचलं?" सांगता आलं तर दुधाचा चहा. "मोबाईलवर आलं होतं" असं उत्तर आलं तर कोरा. यात त्या कुणाची भीड धरायच्या नाहीत. भास्कररावांना लग्नानंतर पंधरा वर्षांनीसुद्धा कोरा चहा मिळालेला मी पाहिला आहे.

सगळ्यात जास्त कोरा चहा दिगंबरअण्णांनी प्यायला. अण्णा मूळचे कन्नड तालुक्यातले, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. आवाज मोठा आणि मन साफ.

"ताई, अहो सगळ्या दुनियेला माहिताय!"

"दुनियेत मी पण आहे, अण्णा. मला नाय माहीत."

"आता याला काय पुरावा द्यायचा? सूर्य उगवतो याला पुरावा मागताल का?"

"सूर्य मी बघते रोज. तुम्ही जे सांगता ते तुम्ही बघितलं?"

अण्णा कप उचलायचे. "द्या कोराच. सवय झालीय."

गंमत चालायची, पण ताईंना त्याचा खरोखर त्रास व्हायचा, हे मला हळूहळू कळलं. सगळे गेले की त्या कप गोळा करता करता गप्प होत. शहराचं नाव बदललं तेव्हा महिनाभर त्या व्हरांड्यात दुसरा विषय नव्हता. आवाज चढले, दोघांनी येणं बंद केलं. ताई ज्याच्या तोंडी जे नाव असेल तेच त्याच्याशी बोलताना वापरत. महिना संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "नावावर एक महिना दिला आपण. पाण्यावर एक संध्याकाळ द्याल का?"

पाण्याचं दुखणं इथं सगळ्यांचंच. नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, लग्नाला एकानं घरी थांबायचं असतं. तरी त्या संध्याकाळी पाण्याबद्दल कुणाला काही सांगता आलं नाही. पाणी कुठून निघतं, कोणत्या टाकीत येतं, आपला भाग कोणत्या टाकीवर आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांना पक्की माहीत होती. रस्त्यापलीकडच्या मोहल्ल्यात पाणी रोज येतं. आपलं तिकडं वळवतात.

"कुठं वाचलं?" ताईंनी विचारलं.

त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा प्यायला.

ताईंची स्वतःचीही एकदा फजिती झाली होती. नव्या जलवाहिनीबद्दल एक छापील पत्रक त्यांना मिळालं होतं. ते वाचून त्यांनी जाहीर केलं की येत्या दिवाळीपर्यंत आपल्याला रोज पाणी मिळणार. दिवाळी गेली. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना दुधाचा चहा दिला आणि स्वतः कोरा घेऊन बसल्या. अण्णांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "छापलेलं खरं धरायचं, हे कुठल्या देशात शिकवतेत हो ताई?" त्या हसल्या, पण ते त्यांच्या मनात राहिलं. नुसतं वाचून भागत नाही, जाऊन बघावं लागतं, असं त्या नंतर म्हणायला लागल्या.

म्हणून मोहल्ल्यात पाणी रोज येतं का, हे बघायला त्या निघाल्या. मला सोबत घेतलं. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागतात. पण इतक्या वर्षांत मी तो ओलांडून आत कधी गेलो नव्हतो.

पहिल्याच गल्लीत दारापुढं निळे ड्रम ओळीनं मांडलेले होते. एक बाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचं नाव रेहानाबी, हे नंतर कळलं. ताईंनी सरळ विचारलं, "तुमच्याकडं पाणी कधी येतं?"

रेहानाबींनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग ताईंच्या बुटांकडं. "नल वाले दफ्तर से आए क्या?"

"नाही, समोरच्या कॉलनीतून."

"अल्ला! तो तुमको क्या कमी, अम्मा? तुम्हारे में तो रोज छोडते पानी. हमारे में हफ्ते में एक बार आता, वो बी आधा घंटा."

"आमच्याकडं रोज? कोण म्हणतं?"

"सब बोलते! कौन नै बोलता?"

ताई तिथल्याच एका पालथ्या घमेल्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. रेहानाबींना आधी काही समजेना. मग ताईंनी आमच्याकडं काय बोलतात ते सांगितलं, आणि त्याही मेथी बाजूला ठेवून हसायला लागल्या. शेजारणी जमल्या. दोन्हीकडचे दिवस जुळवून पाहिले. आमच्याकडं पाणी आलं की त्यानंतर दोन दिवसांनी त्यांच्याकडं यायचं. टाकी एकच होती.

घरी परतताना ताई हसत नव्हत्या. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी एकदाच सांगितली. त्या लहान असताना बेटावर असंच झालं होतं. एका वस्तीला वाटायचं की दुसऱ्या वस्तीला रेशनचा तांदूळ जास्त मिळतो. दुसऱ्या वस्तीलाही तेच वाटायचं. "कुणी पोती बघायला गेलं नाही," त्या म्हणाल्या. "दगड घेऊन गेले. आमच्या शेजारचं घर एका रात्रीत रिकामं झालं. त्या घरातली मुलगी माझ्या बाकावर बसायची. मला लोकांच्या भांडणाची भीती वाटत नाही. न बघता बोलतात, त्याची वाटते."

त्या शनिवारी त्यांनी व्हरांड्यात सगळं सांगितलं. कुणी चष्मा पुसला, कुणी घड्याळ पाहिलं. मग अण्णा बोलले, आणि नेहमीच्या आवाजात बोलले नाहीत.

"ताई, तुम्ही लई चांगल्या आहात, नाय म्हणत नाय मी. पण तुमचं काय जातंय? तुमचा पासपोर्ट तिकडचा. उद्या इथं काय बी झालं तर तुम्ही विमानात बसताल. आम्हाला इथंच मरायचंय. मतदान नाय, काय नाय, नि आम्हाला शिकवायला बसलात."

मला वाटलं, आता ताई उठून आत जातील. त्या आत गेल्याच, पण दुधाचा चहा घेऊन बाहेर आल्या आणि तो अण्णांच्या हातात दिला. "हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "याला पुरावा नको."

अण्णांनी तो चहा प्यायला नाही. कप तसाच कठड्यावर ठेवून ते निघून गेले.

नंतरच्या आठवड्यात ताईंनी मला विचारलं, भारताचं नागरिकत्व घ्यायचं तर काय करावं लागतं. भास्करराव जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. इथं राहायला त्यांना कसलीच अडचण नव्हती, आणि तिकडं त्यांची आई होती. नव्वदीच्या घरातली, धाकट्या मुलीकडं राहणारी. इथलं नागरिकत्व घ्यायचं म्हणजे तिथलं सोडायचं. आईला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी समोरच होतो. क्रिओलमधलं मला काही कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "आई विचारते, मग आता तू माझ्याकडं पाहुणी म्हणून येणार का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हणाले."

कचेरीत खेपा बऱ्याच झाल्या. शपथ घेण्याआधी त्यांनी संविधान पूर्ण वाचलं, मागच्या अनुसूचींसकट. अण्णा दारावरून जात होते, तर त्यांना थांबवून विचारलं, "अण्णा, तुम्ही वाचलंय का?" त्या प्रसंगानंतर दोघांमधलं ते पहिलंच बोलणं.

"आम्हाला कशाला लागतंय वाचायला? आम्ही जन्मलोत इथं."

"बरं झालं, सुटलात. लई मोठं आहे."

अण्णा हसले आणि पुढच्या शनिवारी चहाला आले. झालेल्या गोष्टीबद्दल दोघांपैकी कुणीही पुन्हा काही बोललं नाही. नागरिकत्व मिळालं तेव्हा लोकसभा आणि विधानसभा दोन्ही होऊन गेल्या होत्या. महापालिकेची निवडणूक कधीची लांबली होती. ताई म्हणाल्या, "मला तीच पाहिजे. पाणी तिच्यात आहे."

त्याच वर्षी त्यांची आई गेली. त्या मॉरिशसला जाऊन आल्या आणि तिथल्या विमानतळावरची हकीकत त्यांनी मला सांगितली. सवयीनं त्या तिथल्या नागरिकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तिथं कामाला असलेल्या एका मुलीनं पासपोर्ट बघून त्यांना हळूच परदेशी लोकांच्या रांगेत नेलं. तिथला अधिकारी पोरगेला होता. त्यानं क्रिओलमध्ये विचारलं, किती दिवस राहणार. यांनी क्रिओलमध्येच उत्तर दिलं. तो खूश झाला, म्हणाला, भाषा छान शिकलात. मग शिक्का मारता मारता त्यानं विचारलं, तुमचा देश कसा आहे?

"आणि मी काय म्हणाले असेन?" ताईंनी मला विचारलं. "चांगला आहे, म्हणाले. एवढंच. ना आधार, ना पुरावा. अण्णा असते तर मला कोरा दिला असता."

तिकडून आल्यावर त्यांच्यात एक फरक पडला. शनिवारचा चहा चालू होता, कोरा आणि दुधाचा नियमही होता, पण त्या स्वतः फारसं बोलेनाशा झाल्या. विचारायच्या, ऐकायच्या आणि गप्प बसायच्या. आता तर बोलायचा हक्क मिळाला होता. मी एकदा कारण विचारलं.

"इतकी वर्षं मी बाहेरून चुका काढल्या. ते सोपं होतं. माझं काही जात नव्हतं, अण्णा म्हणाले ते बरोबरच होतं. आता इथं जे चुकतं त्यात माझा वाटा आहे. आता बोलायचं तर मला आधी दुप्पट बघून यावं लागेल, आणि गुडघे दुखतात."

बघायला जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. रेहानाबींकडं जात, रेहानाबी त्यांच्याकडं येत. व्हॅनिलाचा चहा त्यांना अजिबात आवडला नव्हता. "अम्मा, ये अत्तर तुमीच पियो," म्हणून त्या आपला साधा चहा स्वतः करून घेत. आमच्या कॉलनीत त्या ये-जा करतात याची काहींनी कुजबुज केली. नंतर त्याची सवय झाली.

शेवटी महापालिकेची निवडणूक लागली. मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी कॉलनीच्या मैदानात कोपरा सभा झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माईक, हारतुरे. ताईंची तब्येत तेव्हाच बरी नव्हती. शाल घेऊन त्या शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. उमेदवार तरुण होता, बोलण्यात तयार होता. रस्ते, दिवे, बाग असं सगळं बोलून झाल्यावर तो पाण्यावर आला आणि हात लांब करून म्हणाला, "तुमच्या हक्काचं पाणी रस्त्यापलीकडं रोज जातंय! रोज! आपण काय फक्त बघत बसायचं?"

टाळ्या पडल्या. मग दोन-तीन जणांनी मागं वळून ताईंकडं पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. मलाही वाटलं, आता त्या उठतील. त्यांनी खुर्चीचे हात धरले होते, पण दम लागला होता. त्या उठू शकल्या नाहीत.

दुसऱ्या रांगेतून अण्णा उभे राहिले.

"साहेब, एक विचारू का? तुम्ही तिकडं जाऊन बघितलं का?"

"काय, काका?"

"पाणी. रोज येतंय म्हणताय. तर तुम्ही जाऊन बघितलं का, असं विचारतोय."

उमेदवार हसला. "काका, बघायला कशाला जायला पाहिजे? सगळ्या शहराला माहिताय!"

लोक हसले, आणखी टाळ्या पडल्या. अण्णा उभेच होते. "मी गेलतो," ते म्हणाले. "मागच्या सोमवारी. त्यांचे ड्रम कोरडे होते." तोवर कार्यकर्त्यांनी घोषणा सुरू केल्या होत्या. माईक अण्णांकडं नव्हता. पुढच्या दोन रांगांपलीकडं ते कुणाला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. अण्णा गेले होते हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि ताईंनाही नव्हतं.

मी ताईंकडं पाहिलं. त्या उमेदवाराकडं बघत नव्हत्या. अण्णांच्या पाठीकडं बघत होत्या. हात आता मांडीवर होते आणि श्वास खाली बसत होता. सभा संपली. लोक उठले, खुर्च्या एकात एक बसवल्याचे आवाज यायला लागले, तरी त्या बसूनच होत्या. अण्णा जवळ आले आणि जरा ओशाळून म्हणाले, "फार लांबवलं हो त्यानं भाषण. कंबर दुखायला लागली माझी, म्हणून उठलो."

ताई म्हणाल्या, "बसा जरा."

अण्णा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मैदानातले दिवे मालवले तरी दोघं तिथंच होते. मी घरी गेलो. त्यांना तसं बसलेलं पाहिलं, ते मला अजून दिसतं. नंतरच्या मंगळवारची सकाळ मी त्यांची शेवटची आठवण म्हणून धरत नाही.

गुरुवारी मी आणि अण्णा मतदानाला बरोबर गेलो. केंद्र जवळच्या शाळेत होतं. रांग लांब होती. आमच्या पुढं काही माणसं सोडून रेहानाबी होत्या. त्यांनी मागं वळून आम्हाला पाहिलं आणि मानेनं हलकी खूण केली. लीलाताईंनी मत दिलं नाही. ज्या एका मतासाठी त्यांनी देश सोडला, ते त्यांना देता आलं नाही. पुढं निवडून तोच उमेदवार आला. त्या दिवशी मतदानाहून परतताना मोहल्ल्यासमोर रस्ता ओलांडायच्या आधी अण्णा थांबले, मग म्हणाले, "चला."

शनिवारचा चहा बंद झाला. ताईंच्या घरी आता पुतण्यानं भाडेकरू ठेवले आहेत, चांगली माणसं आहेत. कॉलनीत वाद होतात, पूर्वीइतकेच होतात, आणि मोबाईलवर येतं ते येतंच. पाणी अजून आठवड्यानं येतं. आमच्याकडं आलं की त्यानंतर दोन दिवसांनी ते रस्त्यापलीकडं येतं. एवढं मात्र आता कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे.